वेलँड : मराठीत टाइप करणाऱ्यांनी वाट पाहत बसू नये

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून 'चांगला चालणारा संगणक भंगारात घालू नका, त्यावर लिनक्स बसवा' हा सल्ला वारंवार ऐकू येतो. सल्ला रास्त आहे. मात्र तो मानून उबुंटू २४.०४ हे लिनक्सचे वितरण (वापरायला तयार संच) बसवणाऱ्याने लॉगिनच्या पडद्यावर आपल्या नावावर क्लिक केले, की खालच्या कोपऱ्यात दातेरी चाकाचे एक छोटे चिन्ह दिसते, आणि ते उघडले तर 'उबुंटू' व 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' असे दोन पर्याय पुढे येतात. पहिला म्हणजे वेलँड ही नवी डिस्प्ले व्यवस्था आणि दुसरा म्हणजे एक्स ११ ही जुनी. मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचे संगणक सांभाळतो, त्यामुळे यांपैकी कोणता पर्याय घ्यावा, नव्याकडे आत्ताच वळावे की आणखी थोडे थांबावे, हे मला बरेच जण विचारतात. माझे उत्तर असे आहे, की बहुतेकांना थांबूनही चालेल, पण जे रोज मराठीत टाइप करतात त्यांनी थांबू नये. आणि याचे कारण नव्या व्यवस्थेच्या गुणांपेक्षा तिच्यातील उणिवांमध्ये अधिक आहे. ते सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र.

डिस्प्ले व्यवस्थेचे काम वापरणाऱ्याला सहसा दिसत नाही. दाबलेली कळ कोणत्या खिडकीला पोहोचवायची, माउसचा बाण कोठे आहे, एकावर एक आलेल्या खिडक्यांपैकी कोणती वर दाखवायची, हे सारे ती ठरवते. लिनक्सवर हे काम अनेक वर्षे 'एक्स' करीत आला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रोजेक्ट अथीना नावाचा उपक्रम चालू असताना १९८४ मध्ये बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्सची सुरुवात केली, आणि त्याची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये आली. त्या आवृत्तीचा मूळ प्रोटोकॉल, म्हणजे प्रोग्रामनी परस्परांशी बोलण्याचे नियम, आजही चालतो. संगणकाच्या क्षेत्रात इतके आयुष्य फार थोड्या गोष्टींना लाभते, त्यामुळे एक्स ११ ला टाकाऊ म्हणून हिणवण्याची जी पद्धत नव्या मंडळींमध्ये रूढ झाली आहे ती मला मुळीच पटत नाही. प्रोग्राम एका यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर दिसावी ही सोय त्यात प्रारंभापासून आहे, आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनी तिचा वर्षानुवर्षे उपयोग केला आहे.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. एक्सची रचना झाली तेव्हा एका सर्व्हरला जोडलेले सर्व प्रोग्राम परस्परांच्या विश्वासातले असतात असे गृहीत धरले होते. त्यामुळे एक्सवर चालणारा कोणताही प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममध्ये दाबल्या जाणाऱ्या कळा ऐकू शकतो, त्यासाठी कोणत्याही विशेष परवानगीची गरज लागत नाही, आणि पडद्याचे चित्रही तो गुपचूप घेऊ शकतो. ज्या यंत्रावर आपण बँकेचा पासवर्ड टाइप करतो त्या यंत्राबाबत ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. शिवाय इतक्या जुन्या संहितेत दोष किती खोल दडलेले असू शकतात याचे उदाहरण ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाले, कारण तेव्हा दुरुस्त झालेल्या सुरक्षा-त्रुटींपैकी काही १९८८ सालापासून तशाच पडून होत्या.

वेलँडची सुरुवात २००८ मध्ये क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांनी केली. त्या वेळी ते रेड हॅट या लिनक्स कंपनीत काम करीत होते. त्यांचा विचार सरळ होता. खिडक्या एकत्र रचून पडद्यावर दाखवण्याचे काम आता कंपोझिटर नावाचा प्रोग्राम करतोच, तर त्याच्या आणि प्रोग्रामच्या मध्ये एक्स सर्व्हर हा दलाल कशाला हवा? वेलँडमध्ये कंपोझिटर हाच सर्व्हर असतो, आणि प्रत्येक प्रोग्रामला फक्त स्वतःच्या खिडकीपुरते दिसते व ऐकू येते. दुसऱ्याच्या कळा ऐकणे, दुसऱ्याची खिडकी टिपणे, इतकेच काय, आपली खिडकी पडद्यावर नेमकी कोठे आहे हे जाणून घेणे, यांपैकी काहीही प्रोग्रामला आपल्या मर्जीने करता येत नाही. सुरक्षिततेची बाजू यामुळे भक्कम झाली हे खरे. पण ज्या मोकळेपणामुळे एक्स असुरक्षित होता त्याच मोकळेपणावर स्क्रीन शेअरिंग, दुरून संगणक चालवणे, अंधांसाठीचे स्क्रीन रीडर, कळा आपोआप दाबणारी छोटी साधने आणि मराठीसारख्या भाषांच्या इनपुट पद्धती उभ्या होत्या. यांतील प्रत्येक गोष्टीसाठी नव्याने, रीतसर वाट बांधावी लागली, आणि त्या वाटा बांधायला दहा-पंधरा वर्षे गेली.

म्हणून 'थांबा' म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. उबुंटूचाच दाखला पुरेसा आहे. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये वेलँडकडे जाण्याचा मनोदय जाहीर केला, पुढे २०१३ मध्ये त्यांच्याच कंपनीने मीर नावाची स्वतंत्र व्यवस्था आणली, २०१७ मध्ये तो बेत सोडला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७.१० या आवृत्तीत वेलँड मूळ निवड म्हणून दिले, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये १८.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत पुन्हा एक्सऑर्ग आणले. या माघारीची कारणे त्यांनी उघडपणे सांगितली होती : संभाषणाच्या प्रोग्राममधून स्क्रीन शेअर करणे एक्सवर अधिक भरवशाचे होते, दुरून संगणक हाताळण्याची साधने तेथेच नीट चालत होती, आणि ग्नोम शेल (उबुंटूचा डेस्कटॉप) कोसळल्यास एक्सवर बाकीचे काम वाचत होते. हे तिसरे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. एक्समध्ये खिडक्या रचणारा प्रोग्राम बंद पडला तरी सर्व्हर जिवंत राहतो आणि उघडी फाइल तशीच राहते. वेलँडमध्ये कंपोझिटर कोसळला की त्याच्यासोबत सारे सत्रच बुडण्याचा धोका असतो. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या प्लाझ्मा ६ मध्ये, क्यूटी या प्रोग्राम बांधण्याच्या संचाच्या नव्या आवृत्तीवर बांधलेले प्रोग्राम अशा प्रसंगातून तगतात, पण ही सोय सर्वत्र आहे असे समजू नये.

एनव्हिडियाचे प्रकरण तर वेगळेच. ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या या कंपनीच्या ड्रायव्हरने चित्राचा मजकूर कंपोझिटरकडे सोपवण्याची आपली निराळी पद्धत धरली होती आणि बाकी सर्वांनी जीबीएम ही दुसरी. ही ओढाताण कित्येक वर्षे चालली. अखेर ऑक्टोबर २०२१ मधील ४९५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून कंपनीने जीबीएम स्वीकारले, आणि २०२४ मधील ५५५ क्रमांकाच्या ड्रायव्हरमध्ये 'एक्स्प्लिसिट सिंक' आल्यावर खिडक्या लुकलुकण्याचा त्रास बराच कमी झाला. परंतु आपल्याकडच्या असेंबल केलेल्या संगणकांत जीटी ७१० हे स्वस्त कार्ड पुष्कळ ठिकाणी आढळते, आणि त्याच्यासाठी कंपनीचा ड्रायव्हर ४७० च्या पुढे जात नाही. म्हणजे जीबीएम त्याच्या वाट्याला आलेच नाही. अशा यंत्रावर कंपनीचा ड्रायव्हर ठेवून वेलँड वापरण्याचा अट्टाहास करू नये. एकतर नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर घ्यावा, नाहीतर एक्सवरच राहावे. इंटेल किंवा एएमडीच्या अंगभूत ग्राफिक्सवर, म्हणजे कार्यालयांतील बहुसंख्य यंत्रांवर, हा प्रश्न येत नाही.

इतके सारे मान्य करूनही थांबण्याचा सल्ला आता जसाच्या तसा देता येत नाही, कारण दरम्यान काळ पुढे गेला आहे. फेडोरा या वितरणाने २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, पंचविसाव्या आवृत्तीत, वेलँड मूळ निवड केली तेव्हा 'लवकर' हा शब्द शोभत होता. त्यानंतर डेबियन १० ने २०१९ मध्ये ग्नोमसाठी तेच केले, रास्पबेरी पाय ओएसने ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्या पायवर ते सुरू करून वर्षभरात सर्व मॉडेल्सवर नेले, आणि केडीईने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध केलेल्या प्लाझ्मा ६ मध्ये वेलँडलाच पहिली पसंती दिली. आता तर दुसरा दरवाजाच बंद होऊ लागला आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून एक्सऑर्ग सर्व्हर काढून टाकला गेला, ग्नोम ४९ मध्ये एक्स ११ चे सत्र मुळातच बंद ठेवले गेले, उबुंटू २५.१० मध्ये 'ऑन एक्सऑर्ग' हा पर्याय उरला नाही, आणि केडीईने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की प्लाझ्मा ६.८ पासून फक्त वेलँड असेल व एक्स ११ च्या सत्राची देखभाल २०२७ च्या आरंभापर्यंत होईल. जुने एक्स प्रोग्राम एक्सवेलँड नावाच्या मधल्या थरातून चालत राहतील. जाणार आहे ते संपूर्ण एक्स सत्र. ज्याला खरोखरच थांबायचे आहे त्याने उबुंटू २४.०४ वर राहावे, कारण तिला २०२९ पर्यंत सर्वसाधारण पाठिंबा आहे आणि दोन्ही सत्रे तिच्यात आहेत. ही मुदत काही थोडीथोडकी नाही. घरी फक्त ब्राउझर उघडणाऱ्या, चित्रपट पाहणाऱ्या, क्वचित एखादे इंग्रजी पत्र लिहिणाऱ्या माणसाने या निर्णयासाठी झोप घालवण्याचे कारण नाही. त्याला वितरणाने जे पुढे ठेवले असेल ते तो वापरील आणि फरकही जाणवणार नाही.

मराठीत टाइप करणाऱ्याची गोष्ट निराळी आहे, आणि माझे मुख्य म्हणणे येथेच आहे.

लिनक्सवर मराठी लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला इन्स्क्रिप्टसारख्या कीबोर्ड लेआउटचा : कळ दाबली की तिला नेमून दिलेले अक्षर थेट उमटते. एक्समध्ये हे काम एक्सकेबी या यंत्रणेने होते आणि वेलँडने तीच यंत्रणा पुढे चालवली आहे, त्यामुळे निव्वळ लेआउटवर विसंबणाऱ्या टायपिस्टला दोन्हीकडे सारखाच अनुभव येतो. दुसरा मार्ग इनपुट मेथडचा. रोमन अक्षरांत उच्चारानुसार टाइप करून देवनागरी मिळवणारे, आणि एका कळीत 'ज्ञ' किंवा 'क्ष' हवा असणारे, आयबस किंवा एफसिटिक्स यांसारख्या मध्यस्थ प्रोग्रामवर अवलंबून असतात. मराठीच्या बऱ्याच टाइपिंग पद्धती त्यांना जपानमध्ये तयार झालेल्या एम१७एन या संचातून मिळतात. तरुण पिढी विंडोज व मोबाइलवरून उच्चारानुसार टाइप करण्याची सवय घेऊन येते, म्हणजे लिनक्सवर नव्याने येणाऱ्यांची भिस्त या दुसऱ्या मार्गावरच अधिक असणार.

हा दुसरा मार्ग एक्समध्ये मोकळ्या रानातून जात होता. प्रोग्राम आणि इनपुट मेथड एकमेकांशी परस्पर बोलत, सर्व्हरला त्याची फारशी खबर नसे. वेलँडमध्ये हे बोलणे कंपोझिटरच्या मार्फत व्हावे असे ठरले, आणि त्यासाठी 'टेक्स्ट-इनपुट' नावाचा प्रोटोकॉल रचला गेला : कर्सर कोठे आहे, त्याच्या आजूबाजूचा मजकूर कोणता आहे, हे प्रोग्रामने कंपोझिटरला कळवायचे, कंपोझिटरने ते इनपुट मेथडकडे न्यायचे, आणि तयार झालेले अक्षर उलट वाटेने परत आणायचे. कल्पना स्वच्छ आहे. पण या प्रोटोकॉलच्या तीन आवृत्त्या निघाल्या, आणि केडीईवरच्या क्यूटी प्रोग्रामनी दीर्घकाळ दुसरी, ग्नोम आणि जीटीकेने (ग्नोमचा प्रोग्राम बांधण्याचा संच) तिसरी, तर क्रोम ब्राउझरचा गाभा असलेल्या क्रोमियमने आरंभी पहिली धरली. परिणामी एकाच यंत्रावर लिबरऑफिसमध्ये मराठी नीट उमटते आणि शेजारच्या ब्राउझरमध्ये उमटत नाही, असे विचित्र दृश्य दिसू शकत होते. क्रोमियमवर आधारलेल्या प्रोग्रामना वेलँडवर थेट चालवले तर इनपुट मेथडसाठी एक वेगळा पर्याय हाताने चालू करावा लागे; तो न करता त्यांना एक्सवेलँडमधून चालवले तर मराठी येई, पण पडदा १२५ टक्क्यांवर मोठा केलेला असल्यास अक्षरे धूसर दिसत. खिडकीला आपली जागा ठाऊक नसल्यामुळे पर्यायांची पेटी कर्सरपासून दूर, पडद्याच्या भलत्याच कोपऱ्यात उघडण्याचा प्रकारही याच कुळातला.

आता हे दोष कोण शोधतो आणि कोण दुरुस्त करतो, ते पाहावे. इनपुट मेथडच्या क्षेत्रात सर्वांत जागरूक मंडळी चिनी, जपानी आणि कोरियन लिहिणारी आहेत, कारण त्यांना इनपुट मेथडशिवाय आपल्या भाषेत लिहिताच येत नाही. एफसिटिक्सचा विकास प्रामुख्याने चिनी वापरकर्त्यांच्या गरजांतून झाला. या मंडळींनी लवकर वेलँड वापरले, तक्रारी केल्या, दुरुस्त्याही लिहिल्या, आणि पर्यायांच्या पेटीची जागा, एकेका शब्दासाठी अनेक चित्राक्षरांमधून निवड, अशा त्यांच्या गरजा आज बऱ्याच प्रमाणात भागल्या आहेत. आपल्या गरजा थोड्या वेगळ्या आहेत. मराठी उच्चारानुसार लिहिताना अक्षर पायरीपायरीने घडते. 'क' नंतर स्वर येईपर्यंत ते 'क्' अशा अर्धवट अवस्थेत कर्सरपाशी थांबलेले असते. त्याच क्षणी माउसने दुसरीकडे क्लिक केले, खिडकी बदलली किंवा जतन करण्याची कळ दाबली, तर ते अर्धवट अक्षर कागदावर उतरावे की गळून पडावे, हे कंपोझिटर, इनपुट मेथड आणि प्रोग्राम या तिघांच्या समजुतीवर ठरते. मागे येण्याची कळ दाबल्यावर संपूर्ण जोडाक्षर जावे की त्यातली शेवटची खूण, हेही असेच. 'सुऱ्या' मधला अर्धा 'र' आणि 'सूर्या' मधला रफार हे दोन वेगळे आहेत, 'ऱ्हास' नीट उमटला नाही तर तो चुकीचा आहे, 'ॲप' चा 'ॲ' हा 'अ‍ॅ' असा तोडून जोडलेला नसावा, हे बोस्टन किंवा बर्लिनमध्ये बसून काम करणाऱ्या प्रामाणिक माणसाला दिसणारच नाही. त्याची सद्भावना कितीही असो, पडद्यावरचे अक्षर चुकले आहे हेच त्याला कळत नाही.

पुण्यातील रेड हॅटच्या कार्यालयात भारतीय भाषांसाठी काम करणारे अभियंते राहिले आहेत आणि लोहित फाँटसारखी कामे त्यांच्या हातून झाली, याचा मला अभिमान वाटतो. तरीही पगारी अभियंत्यांच्या चाचणीत प्रत्येक डेस्कटॉप, प्रत्येक प्रोग्राम आणि प्रत्येक टाइपिंग पद्धतीची जोडी सापडणे शक्य नाही. ती रोज काम करणाऱ्याच्या हाताखालीच सापडते. लिनक्स मिंटचे उदाहरण घ्या. विंडोजवरून येणाऱ्यांना हेच वितरण बहुतेक वेळा सुचवले जाते. जानेवारी २०२४ मधील २१.३ या आवृत्तीत सिनॅमन डेस्कटॉपचे वेलँड सत्र प्रायोगिक म्हणून आले, तेव्हा त्यात कीबोर्ड लेआउट बदलणे व इनपुट मेथड वापरणे यांची सोयच नव्हती. मिंटने ते प्रायोगिक ठेवले आणि तसे स्पष्ट लिहिले, हे प्रामाणिकपणाचे आहे. पण यावरून क्रम कसा लागतो ते लक्षात येते : खिडक्या, ग्राफिक्स, स्क्रीन शेअरिंग आधी; आपल्यासारख्यांची अक्षरे नंतर. एक्सचे सत्र निघून जाईपर्यंत मराठी लिहिणारे एक्सवरच बसून राहिले, तर ज्या दिवशी ते नाइलाजाने वेलँडवर येतील त्या दिवशी त्यांना सापडणारे दोष इतर सर्वांच्या दृष्टीने जुने झालेले असतील, आणि परत जायला जागाही उरलेली नसेल. आज दोष सापडला तर लॉगआउट करून जुन्या सत्रात काम पुरे करता येते. लवकर वापरून पाहण्याचा खरा फायदा हा आहे.

'वेलँडवर मराठी चालते का' हा प्रश्नच अपुरा आहे, हेही सांगितले पाहिजे. वेलँड हा केवळ प्रोटोकॉल असून प्रत्येक डेस्कटॉपचा कंपोझिटर स्वतंत्र आहे : ग्नोमचा मटर, केडीईचा केविन, आणि स्वेसारख्या छोट्या व्यवस्थांसाठी डब्ल्यूएलरूट्सवर बांधलेले इतर. ग्नोममध्ये आयबस मुळातच गुंफलेले असल्याने सेटिंग्जमधील कीबोर्डच्या भागात मराठीची पद्धत जोडली की बहुधा काम होते. नवख्या माणसाने येथून आरंभ करावा. केडीईमध्ये मात्र सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली 'व्हर्च्युअल कीबोर्ड' नावाच्या जागी जाऊन एफसिटिक्स ५ निवडावे लागते, आणि या नावावरून कोणाच्या स्वप्नातही येणार नाही की मराठी टाइपिंगची किल्ली येथे लपलेली आहे. एक्सच्या काळात लिहिलेल्या जुन्या सूचना वाचून सिस्टिमच्या फाइलमध्ये इनपुट मेथडची नावे घालून ठेवलेली असतात, तीही काही वेळा येथे आड येतात. दुसरीकडे, जोडाक्षर पडद्यावर तुटलेले दिसले तर दोष वेलँडवर ढकलू नये. अक्षरांची जुळणी हार्फबझ ही यंत्रणा आणि फाँट मिळून करतात, आणि ती दोन्ही सत्रांत एकच असते. फायरफॉक्स डिसेंबर २०२३ मधील १२१ व्या आवृत्तीपासून आपण होऊन वेलँडवर थेट चालतो, त्यामुळे आमच्या वाचनालयाप्रमाणे ज्यांची ग्रंथसूची कोहासारख्या ब्राउझरमधून भरायच्या प्रणालीत आहे त्यांनी पहिली परीक्षा फायरफॉक्समध्येच घ्यावी. नोंदीच्या छोट्या चौकटींत एकीकडून दुसरीकडे जाताना शेवटचे अक्षर टिकते का, हे तेथे लगेच कळते.

काही जणांनी मात्र मराठीत लिहीत असले तरी आपल्या मुख्य यंत्रावर घाई करू नये. ओर्का हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांना वेलँडवर फार काळ हाल सोसावे लागले, कारण ओर्काला साऱ्या कळा ऐकाव्या लागतात आणि वेलँड नेमके तेच नाकारतो. मार्च २०२५ मधील ग्नोम ४८ ने त्यासाठी रीतसर मार्ग काढला, म्हणून त्याहून जुन्या ग्नोमवर, आणि उबुंटू २४.०४ मध्ये तोच आहे, दृष्टिहीन व्यक्तीला कोणी वेलँडवर बसवू नये. या बाबतीत वेलँडच्या कर्त्यांनी दाखवलेली दिरंगाई मला अक्षम्य वाटते. छपाईचे काम इंकस्केप किंवा स्क्रायबसमध्ये करून रंगांच्या अचूकतेवर पोट असणाऱ्यांनीही आपला पडदा व रंगांचे प्रोफाइल नव्या सत्रात नीट जुळते का हे आधी पाहावे; रंगव्यवस्थापनाचा प्रोटोकॉल सुमारे पाच वर्षांच्या चर्चेनंतर २०२५ च्या फेब्रुवारीत मान्य झाला आणि तो सगळीकडे झिरपायला वेळ लागेल. एक्सडूटूल किंवा ऑटोकीसारख्या साधनांनी फॉर्म आपोआप भरून घेणाऱ्या कार्यालयांची ती साधने वेलँडवर पूर्वीसारखी चालणार नाहीत, त्यांनी पर्याय शोधूनच पुढे जावे.

बाकीच्यांसाठी वापरून पाहणे फारसे जोखमीचे नाही. सत्र बदलल्याने फाइली, पासवर्ड, मेल यांना धक्का लागत नाही. तेच खाते, तोच डेस्कटॉप, फक्त लॉगिनच्या वेळी निवड वेगळी. नवे सत्र खरोखर चालू आहे का हे ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या माहितीखाली 'विंडोइंग सिस्टिम' या ओळीत दिसते. यंत्रावर काहीच बदल नको असेल तर पेनड्राइव्हवरून फेडोराची ताजी आवृत्ती चालवून पाहता येते. संस्थांनी सर्व यंत्रे एकदम हलवू नयेत आणि परीक्षा, लेखापरीक्षण किंवा वार्षिक सभेच्या तोंडावर तर नाहीच; आमच्याकडे ग्रंथसूची भरणाऱ्या सहकाऱ्याच्या टेबलाशेजारचे एक जादा यंत्र याच कामाला ठेवले आहे, आणि ज्यांना संगणकात काडीचा रस नाही अशा टायपिस्टनाच मी तेथे बसवतो, कारण जाणकार माणूस दोष नकळत वळसा घालून टाळतो आणि मग तो कधी नोंदलाच जात नाही.

दोष सापडल्यावर तो कळवण्याची रीत मराठी वापरणाऱ्यांनी अंगी बाणवली पाहिजे. 'मराठी चालत नाही' इतक्या वाक्यावर जगातला कोणताही विकसक काही करू शकत नाही. वितरणाचे नाव व आवृत्ती, डेस्कटॉपची आवृत्ती, आयबस की एफसिटिक्स, टाइपिंगची पद्धत कोणती, प्रोग्राम थेट वेलँडवर चालला की एक्सवेलँडमधून, कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, काय उमटायला हवे होते आणि काय उमटले, हे सारे लिहावे. सोबत पडद्याचे चित्र द्यावे आणि अपेक्षित अक्षरांचे युनिकोड क्रमांकही द्यावेत, म्हणजे देवनागरी न वाचणाऱ्यालाही फरक तपासता येतो. तोच प्रयोग एक्सच्या सत्रात करून तेथे काय घडते तेही नोंदवले तर दोष नेमका कोणाच्या अंगणात आहे हे पटकन ठरते, आणि ही तुलना दोन्ही सत्रे एकाच यंत्रावर उपलब्ध असेपर्यंतच सहज करता येणार आहे. ग्नोम आणि केडीई या दोन्ही प्रकल्पांत अशी नोंद कोणालाही विनामूल्य करता येते. इंग्रजीची भीती वाटत असेल तर महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याला सोबत घ्यावे. केडीईने एक्ससाठी दिलेली मुदत २०२७ च्या आरंभी संपते आहे. 'ऱ्हास' आणि 'सुऱ्या' यांच्या नोंदी त्याआधी तेथे पोहोचाव्यात, एवढ्यासाठी आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर या विषयाला थोडी जागा मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा जिल्हा